सुरी म्यानात ठेवू नये

त्या सकाळी मी नेहमीसारखी आधी उठले. चुलीतली राख काढली, भूर्जाची साल घालून जाळ धरवला, पंपावरून पाणी आणले, गाईपुढे गवत टाकले आणि कॉफी ठेवली. मग दाराजवळच्या खिळ्यावरून आर्मसची शिकारीची सुरी काढली, पाते नखावर टेकवून धार पाहिली आणि त्याच्या पट्ट्याला लटकणाऱ्या म्यानात ती घट्ट बसेपर्यंत दाबली. लग्न झाल्यापासून शिकारीच्या दिवसांत हे काम माझेच होते. आमच्याकडे सुरी घरात म्यानात ठेवत नाहीत. चामडे कमावताना त्यात जे मुरलेले असते ते पोलाद खाते आणि पितळ हिरवे करते. घरी आल्यावर सुरी पुसायची, पात्याला तेलाचे बोट लावायचे आणि ती उघडी टांगायची. आर्मसने साखरेचा खडा दातात धरून बशीतून कॉफी प्यायली. "संध्याकाळी आंघोळीला सौना तापवून ठेव," तो म्हणाला. "आज रिकाम्या हाताने येत नाही." मी म्हटले, "रोज हेच म्हणतोस." तो गेला. दार नीट लागले नव्हते, म्हणून उठून लावले.

वकील नायबर्ग म्हणतील की मृत्युपत्र असे सुरू होत नसते. माझे असेच सुरू होते, कारण वाटून देण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे ते त्या सकाळनंतर जमलेले आहे.

मी, लेम्पी सालमेला, आर्मस सालमेलाची विधवा, राहणार कोइवुला, मिशिगन, माझे डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस घातलेले नसताना आणि चष्मा डोळ्यांवर असताना हे स्वतःच्या हाताने लिहिते. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्या मागे याचा अंमल वकील नायबर्ग यांनी करावा.

एक. मला आर्मसशेजारी पुरावे. पाद्रीबुवांनी थोडक्यात आटपावे. थंडीत उभे राहणारे बहुतेक सगळे माझ्याच वयाचे असतील.

दोन. बँकेत जे काही असेल त्यातून पुरण्याचा खर्च व्हावा आणि उरलेले फिरत्या वाचनालयाच्या गाडीला द्यावे. मी शाळेत गेले नाही. थंडी आत येऊ नये म्हणून आमच्या भिंतींवर इंग्रजी वर्तमानपत्रे चिकटवलेली होती. अक्षरओळख झाली ती त्या भिंतीवर. अर्धी बातमी कपाटामागे असायची, म्हणून पुढचे वाचायला पुस्तकांकडे वळले. गाडीवरच्या ओल्गा ब्रुनेल यांनी पुस्तक परत करायला मला कधी घाई केली नाही. माझी स्वतःची पुस्तकेही त्यांनाच द्यावीत. काहींत चामड्याचा भुसा सापडेल, तो झटकावा.

तीन. माझे काम करायचे मेज, आरी, कातऱ्या, शिकंजा आणि धार लावायचे दगड माझी पुतणी मार्लीन हिला. माझ्या दिराची, तौनोची ही एकुलती एक मुलगी. आर्मस गेल्यावर लोकांच्या सुऱ्यांच्या मुठी बांधून मी पोट भरले. चामड्याच्या गोल चकत्या कापायच्या, मधोमध चीर पाडायची, पात्याच्या दांड्यावर एकापुढे एक ओवायच्या, शिकंज्यात आवळायच्या आणि टोकाला हरणाच्या शिंगाचा तुकडा बसवायचा. मग कानशीने घासत हाताच्या आकाराला आणायचे. मार्लीनला हे येते. घाई तेवढी करते.

चार. भिंतीवरच्या जुन्या सुऱ्याही मार्लीनलाच. ती गावोगावच्या लिलावांतून गंजलेल्या सुऱ्या उचलून आणते आणि बाकीच्या मुली नवीन झग्याबद्दल बोलतात तशी त्यांच्याबद्दल बोलते. तिला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. वाकड्या पोटाची सुरी कातडे सोलायला. लहान सडपातळ सुरी पक्ष्यांना आणि माशांना. जाड पाठीची मोठी सुरी टपालाने मागवलेली आहे, दिसायला भारदस्त आणि कामाला बिनकामाची. त्या सुरीने लोणी कापावे. जुने पोलाद काळसर पडते, ते घासून पांढरे करू नये. तो त्याने केलेल्या कामाचा रंग आहे. विजेच्या चाकावर धार लावू नये. चाकाने पाते तापते, तापले की त्याचा कणखरपणा जातो, आणि मग रोज धार लावत बसा. मुठीला तेल पाजू नये, मेण चोळावे. उन्हाळ्यात शहरातून लोक जुन्या सुऱ्या मागायला येतात. त्यांना कॉफी द्यावी आणि पाठवून द्यावे.

सुरी फुकट देत नाहीत. घेणाऱ्याने लहानसे का होईना नाणे द्यावे, नाहीतर दोघांतले नाते तुटते. मार्लीनने या सुऱ्यांचे नाणे लहानपणीच दिले आहे. तेव्हा ते तिच्या तोंडात होते.

या भिंतीवर एक सुरी नाही. ती आर्मसच्या वडिलांनी लाकूडतोडीच्या छावणीतल्या पहिल्या पगारात घेतली होती. हातभर नाही, वीतभरच पाते, पण टोक वर उचललेले आणि पाठ इतकी जाड की हाडाच्या सांध्यात घालून पिळली तरी वाकत नसे. तिची मूठ मी बांधली, लग्नाच्या वर्षी. माझी पहिलीच मूठ. चामडे कमी पडले, म्हणून कॉफीच्या डब्याचे भूर्जसालीचे झाकण कापून मधे त्याच्या तीन चकत्या घातल्या. लोक हसले. आर्मस म्हणाला, "हसू दे. अंधारात हात लावला तरी माझी मला कळेल." ती सुरी त्याच्याबरोबर तळ्यात गेली. तिसऱ्या प्रहरापासून बर्फ पडत होते, त्यात माग बुजला. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलेल्यांना तो सापडला तेव्हा कमरेला म्यान होते आणि म्यान रिकामे होते.

आमच्या मुलांना चालायला लागल्याबरोबर सांगतात की सुरी नसेल तर तळ्यावरच्या बर्फावर पाय ठेवायचा नाही. बर्फ मोडला तर हात घसरतात. सुरी पुढे रोवायची आणि तिला धरून स्वतःला बाहेर ओढायचे. आर्मसला मीच आंघोळ घातली. त्याची बोटे फाटलेली होती आणि नखे उरली नव्हती. सुरी म्यानातून काढताना हातातून सुटली असेल, असे सगळे म्हणाले. ज्या हातातून साधी कॉफीची बशी कधी सुटली नाही त्या हातातून ती कशी सुटली, एवढेच मला समजले नाही. असो.

पाच. हुल्दा मॅटसन हिने माझी सोलायची सुरी नेली आणि तिने स्वयंपाकघरातल्या जमिनीवरचे लिनोलियम कापले. मी विचारले तर म्हणाली, "अगं, सुरीच ना ती?" हुल्दाला मी माझे डबे उघडायचे हत्यार देते. नाणे नको.

सहा. कॉफीचे निळे भांडे ज्याला हवे त्याने घ्यावे. त्यात दोन माणसांची कॉफी होते. मी अजून दोघांची करते आणि एक पेला पायरीवर ओतून देते. ती सवय आहे, त्यात दुसरे काही शोधू नये.

सात. हे घर, सौना, त्यामागचे रान आणि तळ्याचा अर्धा काठ मी माझा दीर तौनो सालमेला याला देते. आर्मस गेला त्या दिवशी तौनो तापाने अंथरुणाला खिळून होता. तो बरोबर असता तर, असे लोक म्हणत. मी कधी म्हटले नाही. त्यानंतर त्याने बंदूक उचलली नाही आणि हरणाच्या मटणाला तोंड लावले नाही. दर शरद ऋतूत तो माझी लाकडे फोडतो, हिवाळ्यात छपरावरचे बर्फ ओढतो, आणि मी काही देऊ केले तर म्हणतो, "राहू दे गं वहिनी, अंग मोकळं होतं." त्याच्याइतके माझे कोणी केले नाही.

इथवर रविवारी लिहिले. पुढचे शुक्रवारी लिहीत आहे.

वर मी म्हटले आहे की माझे डोके ठिकाणावर आहे. ते रविवारी खरे होते. या आठवड्यात मी कॉफीत मीठ घातले आहे, मांजराला दोनदा जेवू घातले आहे आणि एकदा मुळीच नाही, आणि कपाट उघडून ते कशासाठी उघडले हे आठवत उभी राहिले आहे. तरी जे लिहिते ते नीट समजून लिहिते. वकिलांनी शंका घेऊ नये.

सोमवारी दुपारी मार्लीन आली. दारातूनच बोलत होती.

"काकू, डोळे मीट. खजिना सापडलाय."

"गेल्या वेळी खजिना म्हणून कोंबड्या कापायचा कोयता आणला होतास."

"तो पण चांगला होता. हे बघ तरी." तिने मेजावर फडके उलगडले. "बोटीच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या पेटीच्या तळाशी. बाबांची आहे, म्यानावर त्यांची अक्षरं आहेत. त्यांना काही बोलू नकोस हं. वाढदिवसाला चकाचक करून हातात ठेवायची आहे. मूठ तू बघ, पातं मी घासते."

म्यान तौनोचेच होते. त्याच्या लग्नाच्या आधी मीच त्याला शिवून दिले होते. पण सुरी त्यात पुरती बसत नव्हती, मूठ बोटभर वर राहिली होती. त्या म्यानासाठी ती सुरी नव्हतीच. मी मुठीला हात लावला आणि अंगठ्याखाली तीन चकत्या लागल्या, चामड्यापेक्षा गुळगुळीत. मी बघितलेसुद्धा नाही. हाताला आधी कळले.

"काकू? बरं नाही का?"

"उभी राहून चक्कर आली."

"मग बस की. पाणी देऊ?"

"नको. ही राहू दे माझ्याकडे. तू जा, तुझे बाबा वाट बघत असतील."

ती गेली. मी म्यानातून सुरी काढली. ती सहज निघेना, पिळून काढावी लागली. पितळी पट्टीवर हिरवा कळंक इतका चढला होता की खाली पितळ आहे हे सांगावे लागले असते. पात्यावर म्यानाच्या शिवणीच्या रेघेत गंजाचे खड्डे पडले होते, टाका न् टाका मोजता आला असता. ही सुरी तळ्याच्या तळाशी पडलेली नव्हती. पाण्यात राहिली असती तर माझ्या चकत्या फुगून सुटल्या असत्या. त्या जशाच्या तशा आवळलेल्या होत्या. ती म्यानात पडून होती. पट्टीच्या कोपऱ्यात काळी चरबी वाळली होती आणि चरबीत हरणाचे केस चिकटले होते.

आर्मसने माखलेली सुरी आयुष्यात कधी म्यानात घातली नाही. ती दुसऱ्या कोणीतरी घातली, आणि ज्याने घातली तो याच घरात वाढला होता, त्यालाही म्यानाचे सगळे ठाऊक होते. म्हणजे त्याला ती पुन्हा बघायचीच नव्हती.

मी बसून राहिले. कॉफी उकळून चुलीवर सांडत होती, ती मी बघत होते. भांडे उचलायचे असते हे सुचले नाही.

मंगळवारी तौनो लाकडे फोडायला आला. दार वाजवायची त्याची पद्धत नाही, उंबऱ्यावर बूट आपटतो तेवढेच. "वहिनी, यंदा मेपल चांगला वाळलाय. ती हुल्दा विचारत होती, थोडा मला पण टाक म्हणून. म्हटलं, आधी वहिनीची सुरी भरून दे." आणि मग त्याने मेजावर बघितले. कागद होते, त्यांवर सुरी होती, शेजारी म्यान. टोपी काढायला वर गेलेला हात तिथेच राहिला.

"बस," मी म्हटले.

तो बसला नाही.

"मार्लीनला सापडली. वाढदिवसाला तुला द्यायची आहे तिला. चकाचक करून."

तो म्हणाला, "फेकून द्यायला हवी होती मी."

"का नाही फेकलीस?"

"दादाची होती."

"मग मला का नाही दिलीस?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. मी म्हटले, "त्या दिवशी तू तापाने पडला होतास."

"नव्हतो."

तो लाकडांच्या खोक्यावर बसला आणि जमिनीकडे बघत बोलला. मी त्याचे बोलणे जसे कानावर पडले तसे लिहिते. मागे कोणी त्यात भर घालू नये.

"घाईत होतो मी सकाळी. पट्टा बांधला आणि निघालो. सुरी खिळ्यावरच राहिली. तळ्यापलीकडे मोठा नर पाडला, तसा कधी पाडला नव्हता. कमरेला हात घातला तर म्यान रिकामं. दादा हसून हसून बेजार. म्हणाला, शिकारीला आलास का वरातीला? आणि आपली काढून दिली. म्हणाला, तू साफ कर, मी हरीण ओढायला घसरगाडी घेऊन येतो. तळ्यावरून जातो, लवकर होईल. तुझं नाव घेतलं त्यानं. सौना तापवायला सांगितलंय म्हणाला."

"पुढे."

"काठापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, सुरी दे रे, बर्फावरून जायचंय. माझे हात कोपरापर्यंत आत होते, वहिनी. मी म्हटलं, आता कुठे आतडी सुटतायत. जा की तसाच. सकाळी दोघं आलो तर तळ्यानं झेललं, आता तुला एकट्याला नाही झेलणार? तो म्हणाला, बरं बाबा, चालू दे तुझं."

मी मेजावरचे म्यान माझ्याकडे ओढले.

"आवाज झाला. मी पळालो. तो कडेला धरत होता आणि कड मोडत होती. परत धरत होता. ओरडत नव्हता. मला बघितलं तर म्हणाला, पोटावर ये, पोटावर. मी आडवा होऊन सरकत गेलो, हात पुढे केला. माझ्याखालचंच मोडलं. छातीपर्यंत गेलो." त्याने तळवे गुडघ्यांवर पुसले. "मी कसा बाहेर आलो ते विचारू नकोस."

"विचारते."

"त्याच्या सुरीनं. हातातच राहिली होती. रोवली आणि ओढलं स्वतःला. मग वळून बघितलं. तो नव्हता."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. माझ्या लक्षात आले की मी उभी आहे. कधी उठले ते कळले नव्हते.

"हरीण तिथंच टाकलं," तो म्हणाला. "सुरी तशीच म्यानात कोंबली, घरी आलो आणि पांघरुणात शिरलो. दात वाजत होते. तू संध्याकाळी दूध घेऊन आलीस."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"आर्मस दिसला का, असं विचारलं होतं."

"हो, वहिनी."

"आणि तू नाही म्हणालास. माझ्या हातचं दूध पिता पिता."

"तोंडातून तेवढंच आलं. एकदा आलं ते परत घेता येईना. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी माणसं निघालीच होती शोधायला. मग त्याला आणला. मग पुरला. मग तू म्हणालीस, बरं झालं तू तरी घरी होतास, नाहीतर दोघं गेला असतात. ते ऐकल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी रात्रभर कॉफी गरम ठेवली, तौनो. जाळ कमी झाला की लाकूड घालत होते. आला की आधी कॉफी मागेल म्हणून. आणि तुला ठाऊक होतं."

तो रडला. मोठे माणूस रडताना बघवत नाही म्हणतात. मी बघितले.

बर्फ मोडला यात त्याचा दोष किती, हे मी तेव्हापासून रोज तोलते आहे. आर्मस मोठा होता, त्याने सुरी हिसकावून घ्यायला हवी होती, आणि घेतली असती तर तौनो आज नसता. ते तोलता तोलता कधीतरी एका बाजूला बसेल. ती रात्र बसत नाही. ती एक रात्र वाट बघण्यातून मला सोडवणे त्याच्या हातात होते आणि त्याने ते केले नाही. त्याने फोडलेल्या लाकडांनी मी इतके हिवाळे ऊब घेतली, आणि आता त्या उबेकडे कसे बघायचे ते मला कळत नाही.

डोळे पुसून त्याने मेजावरचा कागद ओळखला. आपले नाव वाचले. रंग उतरला होता तो आणखी उतरला.

"हे खोड," तो म्हणाला.

"काय खोडायचं ते मी ठरवीन."

"मार्लीनला दे. नाहीतर गाईला दे. मला नको. त्या काठावर मी राहू कसा?"

"मी राहिले ना."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "नायबर्ग म्हणतो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मग मला साक्षीला घे. म्हणजे पुढे तुझं मन बदललं तरी मिळणार नाही."

"तुझी साक्ष कोण धरील?"

"तू सही करताना बघायचंय आणि बघितलं म्हणायचंय. एवढं मी करीन."

मी सांगितले, "आधी मार्लीनला सांग. मी सांगणार नाही, तूच. शिकार सुरू व्हायच्या आत. ती याच तळ्यावरून जाते, आणि तिचा स्वभाव आर्मसचा आहे. कोणी मागितली तर कमरेची काढून देईल."

"ती माझं तोंड बघणार नाही."

"तो तिचा प्रश्न."

दिवेलागणीला मार्लीन आली. डोळे सुजलेले होते. या वेळी दारातून बोलली नाही, समोर येऊन बसली.

"तू काल का नाही बोललीस, काकू?"

"काल मलाच बोलता येत नव्हतं."

"मी म्हटलं ना, चकाचक करू म्हणून. काय बावळट आहे मी."

"तुला काय ठाऊक?"

"बाबा जेवले नाहीत. मी पण नाही. ते बाहेर पायरीवर बसलेत आणि मी सांगितलं, आत या, तर म्हणतात, तू आत बस, मी इथं बरा आहे." तिने नाक पुसले. "मी त्यांच्याशी बोलू का नको?"

"ते मला विचारू नकोस. पण थंडी आहे. कोट तरी दे नेऊन."

ती उठली. खिशात हात घालून एक नाणे काढले आणि सुरीशेजारी ठेवले. सुरीला हात लावला नाही. "आत्ता नको," म्हणाली. "तुझ्यानंतर. तोवर तुझी."

म्हणून आता असे लिहिते.

कलम सात मी रद्द करते. त्यावर एकच रेघ मारली आहे, खालचे वाचता यावे अशी. त्यात तौनोबद्दल जे लिहिले ते त्याने केले होते, आणि ते खोडून केलेले न केलेले होत नाही. फक्त तापाची ओळ खोटी आहे. ती मला खरी वाटत होती.

आठ. घर, सौना, रान आणि तळ्याचा अर्धा काठ मार्लीनला. तौनोला त्या काठावर यायचे असेल तर तिने अडवू नये. यायचे नसेल तर बोलावू नये.

नऊ. आर्मसची सुरी मार्लीनला. नाणे मिळाले. पात्यावरचे खड्डे घासून काढू नयेत, त्यासाठी पाते निम्मे झिजवावे लागेल. भूर्जाच्या चकत्या बदलू नयेत. ही सुरी वापरावी, काचेच्या पेटीत ठेवू नये. हरीण साफ करावे, पाव कापावा, काठ्या तासाव्यात. ती कोणालाही, कितीही थोड्या वेळासाठी, कितीही जवळच्या माणसाला, उसनी देऊ नये. समोरच्याचे हात गुंतलेले असले तर थांबावे. हरीण गार होऊ द्यावे.

दहा. तौनोला मी काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे. माफीबद्दल मार्लीनने विचारले होते. जे आपल्याजवळ नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही. मला ती सापडली तर मी त्याला जिवंतपणी हातात देईन. नाही सापडली तर माझ्या सामानात कोणी शोधू नये.

तौनो येऊन सगळे बोलून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पंपावरून पाणी आणले. सुरी कोमट पाण्यात धुतली, चरबी लाकडाच्या काडीने खरवडली, केस एकेक करून काढले. दगडावर धार लावली, नखावर पाहिली, पात्याला तेलाचे बोट लावले आणि सुरी दाराजवळच्या जुन्या खिळ्यावर उघडी टांगली. म्यान चुलीत घातले. चामडे जळायला वेळ लागतो, तोवर समोर बसले. मग त्याच जाळावर कॉफी ठेवली, एका माणसाची.

लेम्पी सालमेला
(सही)

वरील कागदावर लेम्पी सालमेला यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. तेव्हा त्या शांत होत्या आणि काय करत आहेत ते त्यांना ठाऊक होते.

साक्षीदार:
ओल्गा ब्रुनेल, फिरते वाचनालय (सही)
तौनो सालमेला, कोइवुला. मी बघितले. (सही)

ठिकाण: कोइवुला, मिशिगन, स्वयंपाकघरात
तारीख: ११ नोव्हेंबर १९७८